कुरळे करा, सरळ करा, पण केस सांभाळून

मी मोहर्लीहून बोलते आहे. मोहर्ली, मुधोली, सीतारामपेठ, कोंडेगाव आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या ताया, तसंच चंद्रपूर-गडचिरोलीत जिथं जिथं हे बोलणं ऐकलं जातंय त्या सगळ्या मायबहिणींसाठी हे बोलणं आहे.

गटाची मासिक बैठक असते. बचत गोळा होते, कर्जाचे हप्ते लिहिले जातात, सह्या होतात. मग वही मिटली की लग्नसराईत एक विषय हमखास निघतो. कुणाच्या मुलीला केस कुरळे करून हवेत, कुणाच्या सुनेला सरळ. मोबाइलवर पाहिलेलं असतं, पार्लरवालीनं दर सांगितलेला असतो. आणि मग प्रश्न येतो, "ताई, काही होत तर नाही ना?" आज त्याचंच उत्तर देते.

हा प्रश्न नुसत्या नटण्याचा नाही. मागच्या लग्नसराईत आपल्याच भागातल्या एका मुलीनं लग्नाला तीन दिवस असताना केसांवर औषध लावून घेतलं. त्याआधी महिनाभर घरी काळी मेहंदी लावत होती, ते तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. धुताना केसांचे झुपके हातात आले. लग्नात ती डोक्यावरचा पदर सरकू देत नव्हती. जिनं ते काम केलं, तीही गटाचं कर्ज काढून पार्लर टाकलेली बाईच. तिच्याकडं गिऱ्हाईक येईना, हप्ते थकले. दोघीही आपल्याच. म्हणून आजचं बोलणं दोघींसाठी आहे, केस करून घेणारीसाठी आणि करून देणारीसाठी.

आधी हे औषध करतं काय ते समजून घेऊ. आपला केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्या प्रथिनाचे धागे एकमेकांना गंधकाच्या जोडांनी बांधलेले असतात. शिवणकाम करणाऱ्या तायांना हे लगेच कळेल. हे जोड म्हणजे टाके समजा. केस सरळ की कुरळा, हे बऱ्याच अंशी त्याच्या घडणीवर आणि या टाक्यांवर ठरतं. पर्मिंगमध्ये केस बारीक रॉडवर गुंडाळतात आणि लोशन लावतात. त्यात बहुतेक वेळा थायोग्लायकोलिक ॲसिडचा क्षार असतो. तो टाके उसवतो. मग केस रॉडचा आकार घेतो. त्यानंतर दुसरं औषध लावतात, त्याला न्यूट्रलायझर म्हणतात. ते नव्या आकारात टाके पुन्हा घालतं. म्हणजे उसवलं, नव्या घडीवर बसवलं आणि पुन्हा शिवलं.

आता कापडाचंच पाहा. उसवून ठेवलेलं कापड वेळेत शिवलं नाही तर धागे निघतात. एकाच जागी पुन्हा पुन्हा उसवलं तर कापड विरतं. केसांचंही तसंच होतं. लोशन जास्त वेळ राहिलं, न्यूट्रलायझर नीट लागलं नाही, किंवा थोड्या थोड्या दिवसांनी तेच केलं, तर केस तुटतात. शिवाय त्वचेबाहेर आलेला केस हा निर्जीव धागा असतो. जखम भरते तसा तो भरून येत नाही. बिघडलेला केस कापायचा आणि नवीन वाढायची वाट पाहायची, एवढंच हातात राहतं. डोक्याचा केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो. यावरून हिशेब करा, वीतभर केस परत यायला दीड वर्षाहून जास्त काळ लागतो.

हे तंत्र तसं नवं नाही. कार्ल नेसलर नावाच्या जर्मन केशकारागिरानं 1906 मध्ये लंडनमध्ये ते लोकांसमोर करून दाखवलं. तेव्हा तापवलेले पितळी रॉड केसांना लावायचे आणि बाईला तासन् तास यंत्राखाली बसवायचे. सुरुवातीच्या प्रयोगांत त्याच्या बायकोचे केस जळाले आणि डोकं भाजलं, असं सांगतात. पुढं 1928 मध्ये अमेरिकेत मार्जोरी जॉयनर या कृष्णवर्णीय बाईनं अशाच यंत्राचं पेटंट मिळवलं. 1938 च्या सुमारास उष्णतेशिवाय चालणारं थंड लोशन आलं. आज पार्लरमध्ये वापरतात ते त्याच वळणाचं. यंत्र गेलं, पण भाजण्याची भीती पूर्ण गेली नाही. आता भाजतं ते औषधानं.

केस कायमचे सरळ करायचं रिबॉन्डिंगही याच तत्त्वावर चालतं. तेच टाके उसवायचे, फक्त रॉडऐवजी केस सपाट ओढून गरम पट्टी फिरवायची. पण 'केराटिन' किंवा 'स्मूदनिंग' नावानं जे चालतं त्यातलं काही वेगळं असतं आणि तिथं जास्त सावध राहायला हवं. अशा काही औषधांत फॉर्मॅल्डिहाइड असतं. शाळेच्या प्रयोगशाळेत बेडूक बाटलीत ठेवतात ते फॉर्मॅलिन, त्याच्याच घरातलं हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. गरम पट्टी फिरवली की त्याची वाफ उठते. डोळे चुरचुरतात, नाक-घसा जळतो. गिऱ्हाईक दोन तासांनी घरी जातं, पार्लरवाली मात्र दिवसभर तीच वाफ घेते.

बाटलीवर 'फॉर्मॅल्डिहाइड फ्री' लिहिलं म्हणजे निश्चिंत व्हायचं, असंही नाही. काही बाटल्यांत त्याऐवजी ग्लायोक्झिलिक ॲसिड असतं. 2024 मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात 26 वर्षांच्या एका बाईची हकिकत छापून आली. 2020, 2021 आणि 2022 अशा तीन वर्षांत तिनं केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या किडनीला इजा झाली. त्या मलमात ग्लायोक्झिलिक ॲसिड होतं. डॉक्टरांनी ते उंदरांच्या कातडीवर लावून पाहिलं तर त्यांच्या किडनीलाही इजा झाली. म्हणून केस सरळ केल्यावर डोकं जळजळणं, उलट्या, पोटात किंवा कमरेत दुखणं, लघवी कमी होणं असं काही झालं तर अंगावर काढू नका. लगेच दवाखान्यात जा आणि केसांना काय लावलं ते डॉक्टरांना आठवणीनं सांगा. बाई स्वतःहून सांगत नाही आणि डॉक्टरांच्या डोक्यात केसांचा विषय येत नाही, तिथं उशीर होतो.

आणखी एक अभ्यास सांगते. अमेरिकेत सुमारे 33 हजार 500 बायकांवर जवळपास 11 वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्याचा निष्कर्ष 2022 मध्ये आला. केस सरळ करण्याची औषधं वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसलं. वयाच्या सत्तरीपर्यंत हा आजार होण्याची शक्यता न वापरणाऱ्यांत 100 मागे दीडच्या आसपास होती, तर सतत वापरणाऱ्यांत 4 च्या आसपास. त्या औषधानंच आजार झाला, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पर्मिंगच्या बाबतीत त्या अभ्यासात असा संबंध दिसला नाही. घाबरायचं कारण नाही, पण दर दोन महिन्यांनी केस सरळ करण्याची सवय लावून घेऊ नये, एवढं तरी यातून घ्यावं.

आता पर्मिंग कुणी करू नये ते ऐका. डोक्यात जखम, फोड, खाज, गजकर्ण असेल तर नको. उवांचं औषध नुकतंच लावलं असेल तर थांबा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी पुढं ढकलावं. बाळंतपणानंतर किंवा डेंग्यू, टायफॉइडसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, ते बहुधा आपोआप थांबतं. त्या काळात केसांवर औषध नको. शाळकरी मुलींना तर नकोच. आणि सतत केस गळत असतील तर पार्लरऐवजी आधी आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासा. आपल्याकडं बायकांमध्ये रक्त कमी असणं घरोघरी आहे, सिकलसेलही आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहे. अंगात रक्त नसेल तर केसांना औषध लावून काय होणार?

काळी मेहंदी आणि हेअर डाय याबद्दल वेगळं सांगते. काळी मेहंदी म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची काहींना जबरदस्त ॲलर्जी होते. काही रंगांत धातूचे क्षार असतात आणि त्यांच्यावर पर्मिंगचं औषध पडलं की केस तापतात, तुटतात. साध्या पानाच्या मेहंदीचाही थर केसावर बसतो, मग लोशन सारखं लागत नाही. म्हणून पार्लरवाली विचारो न विचारो, केसांना गेल्या सहा महिन्यांत काय काय लावलं ते सगळं सांगा.

आता करून देणाऱ्या तायांसाठी. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत पार्लरचं शिकून आलेल्या मुली आपल्या गटांत आहेत. त्यांना यातलं बरंच ठाऊक असेल. पण गर्दीच्या दिवशी नेमक्या याच गोष्टी सुटतात.

पहिली गोष्ट, आलेल्या बाईला त्याच दिवशी औषध लावायचं नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागं थोडंसं लावून 48 तास पाहायचं. लाली, खाज, सूज आली तर काम करायचं नाही, पैसे गेले तरी चालतील.

दुसरी गोष्ट, केसाची ताकद पाहायची. एक ओला केस हळूच ताणा. थोडा लांबून परत मूळ जागी आला तर चांगला. पटकन तुटला किंवा लोंबत लांबतच गेला तर त्या केसाला औषध झेपणार नाही. मग मागच्या बाजूच्या एका बटेवर करून पाहा आणि पूर्ण डोक्याचं ठरवा.

तिसरी गोष्ट, पाणी. ही आपल्या भागासाठी मी मुद्दाम सांगते. उन्हाळ्यात नळाला पाणी नसतं, वीज गेली की मोटर बंद. लोशन डोक्यावर आणि पाणी संपलं, यासारखं संकट नाही. लोशन लावायच्या आधी ड्रम भरलेला हवा. भरपूर स्वच्छ पाणी समोर नसेल तर बाटलीचं झाकण उघडूच नका.

चौथी गोष्ट, घड्याळ. बाटलीवर लिहिलेला वेळ हाच वेळ. जास्त ठेवलं म्हणजे जास्त कुरळे होतात, हा समज चुकीचा आहे. अधूनमधून एक रॉड दीड वेढा सोडून पाहा. बटेला इंग्रजी 'एस' सारखं वळण आलं की थांबा. रॉड न काढता कोमट पाण्यानं निदान पाच मिनिटं धुवा, टॉवेलनं टिपून घ्या, मग न्यूट्रलायझर लावा आणि त्याचाही वेळ पूर्ण द्या. केसांच्या कडेनं कपाळावर आणि कानांवर व्हॅसलिन लावून कापसाची पट्टी ठेवा. कापूस औषधानं भिजला की लगेच बदला, ओला कापूस तसाच राहिला तर तिथंच कातडी भाजते.

पाचवी गोष्ट, तुमचे स्वतःचे हात आणि छाती. काही पर्म औषधं साध्या रबरी हातमोज्यांतून आरपार जातात. नाइट्राइलचे हातमोजे वापरा आणि एका गिऱ्हाइकानंतर टाकून द्या. खिडकी उघडी, पंखा चालू, दार लोटलेलं नको. हाताला भेगा पडत असतील, खाज येत असेल तर 'कामाचे हात असेच असतात' म्हणून सोडून देऊ नका. ॲलर्जी एकदा बसली की हा धंदाच सोडावा लागतो.

आणि सहावी गोष्ट, नोंदवही. गटाची वही आपण चोख ठेवतो ना, तशीच. तारीख, नाव, आधी काय लावलं होतं, कोणती बाटली, तिचा बॅच नंबर, किती मिनिटं ठेवलं. उद्या तक्रार आली तर हीच वही तुमच्या बाजूनं बोलेल.

औषध विकत घेताना लेबल पाहा. आपल्या देशात 2020 चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत. कंपनीचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, वापरायची मुदत, घटक हे सगळं बाटलीवर असायलाच हवं. आठवडी बाजारात सुट्या बाटलीत भरून मिळतं ते घ्यायचं नाही. लेबल इंग्रजीत असतं, तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. युरोपात घरगुती वापराच्या पर्म औषधात थायोग्लायकोलिक ॲसिड 8 टक्क्यांपर्यंत आणि शिकलेल्या कारागिरांसाठी 11 टक्क्यांपर्यंतच चालतं, यावरून पोरीला आकडा ताडून पाहायला सांगा. पावती मागा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. औषधाबद्दलची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडं करता येते.

लेकरांबद्दलही सांगते. काही न्यूट्रलायझरमध्ये ब्रोमेट नावाचा क्षार असतो. तो पोटात गेला तर किडनी निकामी होते, कायमचं बहिरेपण येतं. परदेशात लहान मुलांच्या बाबतीत असं घडलेलं आहे. म्हणून उरलेलं औषध पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवायचं नाही. चुकून कुणी प्यायलं तर उलटी करवू नका, 108 ला फोन करा आणि बाटली बरोबर न्या. डोळ्यांत गेलं किंवा डोकं भाजायला लागलं तर 15 ते 20 मिनिटं सतत साधं पाणी ओतत राहा. लिंबू, हळद, टूथपेस्ट काही लावू नका.

आता केस करून झाल्यावरची काळजी. पहिले दोन दिवस केस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, पिनाही लावायच्या नाहीत. म्हणूनच लग्नाच्या तोंडावर हे काम नको. निदान तीन आठवडे आधी करा, म्हणजे काही बिघडलं तरी वेळ हातात राहतो.

त्यानंतर आठवड्यातून एक-दोनदाच सौम्य शाम्पूनं धुवा. अंगाचा किंवा कपड्याचा साबण केसांना लावू नका. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा पांढरा थर केसांवर बसतो आणि केस राठ होतात. शिकेकाई वापरायची तर उकळून, फडक्यातून गाळून घ्या. भुकटी तशीच चोळली तर कुरळ्या केसांत अडकते. ओले केस घासून पुसू नका, जुन्या सुती लुगड्यानं टिपा. मोठ्या दातांची फणी घ्या आणि टोकाकडून वर वर या.

धुण्याआधी खोबरेल तेल लावा. मुंबईतल्या संशोधकांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतून प्रथिन निघून जाणं फक्त खोबरेलानं कमी केलं. ते संशोधक तेल बनवणाऱ्या कंपनीतले होते, हेही सांगून ठेवते. पण आपल्या आज्यांनाही ही गोष्ट ठाऊक होतीच.

आपल्याकडं पाऱ्याची रेषा 45 च्या पुढं जाते. उन्हात जाताना डोक्याला सुती ओढणी हवीच. मोहर्ली गेटवर गाइड म्हणून जाणाऱ्या आपल्या मुलींच्या केसांत सफारीची धूळ भरते. त्यांनी सैल वेणी घालून वर रुमाल बांधावा. आल्याबरोबर कोरडी धूळ विंचरून काढू नये. आधी पाण्यानं धुवावी, मग फणी लावावी.

पर्म साधारण तीन ते सहा महिने दिसतो. पुन्हा करायचा तर निदान सहा महिन्यांनी, आणि तोही नव्यानं वाढलेल्या भागावरच.

आणि ज्यांना एका दिवसापुरते कुरळे केस हवेत त्यांनी औषधाच्या वाटेला जाऊच नये. आपल्या शेतात जवस पिकतो. दोन चमचे जवस कपभर पाण्यात सात-आठ मिनिटं उकळा. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं घट्ट झालं की गरम असतानाच फडक्यातून गाळा. हे ओलसर केसांना लावून रात्री पाच-सहा घट्ट वेण्या घाला किंवा बटा सुती चिंध्यांवर गुंडाळा. सकाळी पूर्ण वाळल्यावर सोडा. छान लाटा येतात, खर्च पाच-दहा रुपये. उरलेलं दोन दिवसांत संपवा, नाहीतर आंबतं.

शेवटचं एक. मुलगी पाहायला आलेल्या बायका म्हणतात, "केस फार कुरळे आहेत बाई." दुसऱ्या घरी म्हणतात, "फारच सरळ आहेत." आईच मग मुलीला पार्लरमध्ये घेऊन जाते. बहिणींनो, केस बदलायचे की नाही हे त्या मुलीला ठरवू द्या. तिला हौस असेल तर खुशाल करू द्या, नीट विचारून, नीट तपासून, पुरेसा वेळ ठेवून. पण तिचे केस वाईट आहेत म्हणून करायचे, असं घरात कुणी म्हणत असेल तर त्याला थांबवणं हेही आपलंच काम आहे.

पुढच्या बैठकीत वही मिटल्यावर हा विषय निघाला की या गोष्टी एकमेकींना सांगा. तुमच्या गावातल्या पार्लरवाल्या ताईला बैठकीला बोलवा, तिच्याकडून ऐका, तिलाही तुमचे प्रश्न ऐकू द्या. तिचा धंदा आणि आपली डोकी, दोन्ही सुरक्षित राहायला हवीत.